बियाण्याचा कोपरा

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि आभाळ भरून आलं. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना बरंच वाटलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "चला, जरा गारवा तरी येईल." मी हसून मान हलवली, घरात आले, बाल्कनीतला आकाशकंदील भिजू नये म्हणून काढून आत ठेवला आणि मग दिवसभर सगळ्यांवर उगाच खेकसत राहिले. सून बिचारी दोनदा विचारून गेली, "आई, बरं वाटत नाहीये का?" नोव्हेंबरात आभाळ आलं की मला बरं वाटत नाही, ही काही डॉक्टरला सांगण्यासारखी तक्रार नाही. पण ती गेली पंचेचाळीस वर्षं आहे.

खरं म्हणजे कापणीच्या हंगामाशी माझा काय संबंध! मी जन्माने डोंबिवलीकर. आमच्याकडे तांदूळ वाण्याकडून यायचा. तो निवडायचा, धुवायचा, शिजवायचा. त्याआधी तो कुठे असतो, याची चौकशी आमच्या घरात कोणी केली नव्हती. आयुष्यातला एकच हंगाम मी शेताच्या बांधावर काढला, खडवलीला, आणि त्याने बाकीचे सगळे हंगाम नासवून ठेवले. अजूनही कल्याणच्या पुढे कधी गेलो की गाडीच्या काचेतून कापलेल्या भाताचा वास येतो. आधी फार छान वाटतं, भूक लागावी इतकं छान. मग आठवतं.

त्या हंगामात आम्ही एक सिनेमा काढत होतो. युद्धाचा. आता त्याला 'क्लासिक' म्हणतात, त्यावर परिसंवाद होतात, सिनेमा शिकणारी मुलं त्यातला एकेक शॉट सोलून बघतात. तेव्हा त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. शत्रूच्या मुलखात मागे राहिलेला एक जवान, खिशात एक नकाशा, मागावर सहा माणसं आणि नदीपलीकडे आपली तुकडी. बस, एवढीच गोष्ट. गाणी नाहीत, नायिका नाही. एका वितरकाने कथा ऐकून विचारलं होतं, "बाई कधी येते?" येत नाही म्हटल्यावर तो चहा अर्धा टाकून उठला.

गोष्ट होती पूर्वेच्या सरहद्दीवरची. तिकडे युनिट न्यायची ऐपत नव्हती, म्हणून आमच्या दिग्दर्शकांनी भातसा नदीचा काठ हुडकून काढला. "भात तिथेही असंच, चिखल तिथेही असाच," ते म्हणायचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. उंच, थोडं पोक काढून चालणारे, चहा पार गार करून पिणारे. आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि त्यामुळेच त्यांना नाही म्हणणं कठीण जायचं. कॅमेऱ्यामागे दादा होते. दादांचं लक्ष माणसांकडे कमी आणि आभाळाकडे जास्त. त्यांच्याशी बोलताना आपण त्यांच्या उजेडात उभे आहोत की काय, अशी धास्ती वाटायची. जवानाचं काम करणारा नट नाटकातला होता. उन्हात चिखल माखून तासन्तास पडून राहायचा आणि जेवणाच्या सुट्टीतही उठायचा नाही. "एकदा धुतला की पुन्हा तसाच लागत नाही," म्हणायचा. हे वाक्य मला फार आवडायचं, कारण चिखल पुन्हा तसाच लागतो की नाही हे बघणं माझं काम होतं.

कंटिन्युइटी म्हणतात त्याला. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. आज सुरू केलेला प्रसंग आठ दिवसांनी पुरा होतो, पण पडद्यावर तो सलग दिसला पाहिजे. आज शर्टाचं तिसरं बटण उघडं असेल तर आठ दिवसांनीही तिसरंच उघडं हवं. हे सगळं एका जाड वहीत टिपून ठेवायचं. माझं अक्षर चांगलं आणि स्मरणशक्ती चिवट, एवढ्या भांडवलावर मला हे काम मिळालं. वय तेवीस. युनिटमध्ये बाई म्हणून मी एकटीच. माझ्या वहीत चूक निघत नाही असा लौकिक झाला होता आणि तो मला गुळासारखा गोड लागायचा.

आमचं शेत होतं ताराबाईचं. दादांनी अख्ख्या खडवलीतून तेच निवडलं, कारण तिच्या एका खाचरातलं भात निराळं होतं. त्याच्या लोंब्यांना लांब काळ्या कुसळी होत्या. कलता सूर्य मागे असला की सोनेरी शेतावर बारीक काळी रेघोटी उठायची. ताराबाई त्याला काळकुसळी म्हणायची. तिच्या सासूच्या माहेरून आलेलं बियाणं. गरवं भात, सगळ्यांची कापणी उरकल्यावर तयार होणारं. पीक कमी द्यायचं म्हणून बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं होतं, ही एकटी लावायची. दरवर्षी खाचराच्या आंब्याकडच्या कोपऱ्यातल्या निवडक लोंब्या बियाण्याला ठेवायची, पेंढ्याच्या दोरीने आवळलेल्या मुड्यात घालून.

ती तेव्हा असेल पस्तिशीची. काळी, काटक, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी मला बांधावर डबा उघडताना बघून म्हणाली, "चपाती आन बटाटा? ही काय जेवायची वस्तू हाय? चल घरात." तिच्या चुलीपुढे बसून मी काळकुसळीचा भात पहिल्यांदा खाल्ला. कालवण साधंच होतं, सुकटीचं. पण भाताचं झाकण काढलं आणि घरभर वास सुटला. मी तीनदा वाढून घेतलं. ती हसत बसली. त्यानंतर महिनाभर माझं दुपारचं जेवण तिच्याकडेच. मी तिला तिच्या आईसाठी पोस्टकार्डं लिहून द्यायची, ती मला 'वहीवाली' म्हणायची. तिच्या नवऱ्याला सिनेमाचं काम म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा वाटायचा. ती त्याला म्हणायची, "पोर दिसभर लिवते, तुमी एक अक्षर लिवता का?"

ठरलं असं होतं की त्या खाचरातलं काम पाच दिवसांत संपेल आणि ती कापणीला मोकळी होईल. पाचाचे नऊ झाले. सिनेमात असंच होतं. भात पिकून वाकलं, दाणे गळायला लागले. ती रोज विचारायची आणि मी रोज उद्या म्हणायची.

दहाव्या दिवशी दुपारी प्रॉडक्शनच्या जीपमध्ये रेडिओ लागला होता. अरबी समुद्रात वादळ आहे, दोन दिवसांत किनारपट्टीला जोराचा पाऊस होईल, असं बातम्यांत सांगितलं. मी आणि सर शेजारीशेजारी उभे होतो. मूळ पटकथेत जवान भातात लपतो आणि शत्रू कुत्री आणून त्याला हुडकतो, असं होतं. कुत्री आम्हाला मिळत नव्हती. सर हळूच म्हणाले, "नीला, भात आडवं झालं तर तो आपोआप दिसेल." मग म्हणाले, "बाईंना सांग, अजून दोन दिवस. मागचे शॉट जुळायला हवेत म्हणून सांग." मला त्यांच्या म्हणण्याचा अर्थ त्याच क्षणी कळला. कळला नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं, पण कळला होता. खरं सांगायचं तर कल्पना ऐकून माझ्या अंगावर शहारा आला होता, आनंदाचा.

मी ताराबाईकडे गेले. ती विळ्याला धार लावत होती.

"अजून दोन दिवस?" ती म्हणाली. "आन आभाळ आलं तर?"

"काही येत नाही गं पाऊस. दोनच दिवस."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. पन बियान्याचा कोपरा तेवढा कापून घेते. आंब्याकडचा. चार पेंढ्या निघतील."

मी वही उघडली. पहिल्या दिवशीच्या शॉटपुढे माझ्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: भात पूर्ण उभं, चारही कोपरे. मी म्हणाले, "नाही, कोपरासुद्धा नको. तो दिसतो. कापलेला दिसला तर सगळं चुकेल." तिने विळा कुडाला अडकवून ठेवला. पावसाबद्दल मी खोटं बोलले ते सरांनी तिला थांबवायला सांगितलं म्हणून. कोपऱ्याबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पावसाच्या प्रसंगात कॅमेरा कुठे लागणार, हे दादांना विचारायला दोन मिनिटं पुरली असती. मी विचारलं नाही. माझी वही आहे ना!

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला पाऊस आला. त्या वीस मिनिटांत आमच्या युनिटने जे काम केलं तसं मी पुढे कधी पाहिलं नाही. दादा चिखलात पोटावर आडवे, दोन माणसं त्यांच्यावर ताडपत्री धरून. जवान भातात निपचित. वाऱ्याच्या एकेका झोताबरोबर भाताचा एकेक पट्टा खाली बसत जातो, आधी लांबचा, मग जवळचा, आणि शेवटी त्याच्या पाठीवरचं छप्परच निघून जातं. शत्रूची सहा माणसं तीस पावलांवर. कट म्हटल्यावर सर पावसात उभे राहून रडले. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मी ओरडत होते, नाचत होते. बांधावर ताराबाई डोक्यावर गोणपाट घेऊन उभी होती. ती शेताकडे बघत होती.

पाऊस तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी मी तिच्याबरोबर खाचरात उतरले. पाण्यात लोळलेल्या लोंब्या तिने उचलून दाखवल्या. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटले होते. कोंब आलेलं भात बियाण्याला चालत नाही, हे मला तिथे, घोटाभर पाण्यात उभं राहून समजलं. ती आंब्याकडच्या कोपऱ्यात गेली, बराच वेळ वाकून चाचपत राहिली आणि मूठभरही न घेता परत आली. मला काही म्हणाली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसले नसते.

भरपाई दिली गेली. सर त्या बाबतीत चोख होते, पिकाच्या किमतीपेक्षा जास्तच दिले. गावात त्याची वाहवा झाली. पण काळकुसळी दुसऱ्या कोणाच्या घरात उरलेली नव्हती, सासूच्या माहेरीही नाही. ती कुठल्याच बाजारात मिळणार नव्हती. शूटिंग आटोपलं, आम्ही सामान भरून निघालो. जाताना मी तिच्या दाराशी गेले, ती नदीवर गेली होती. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं. नंतर वाटलं, सिनेमा लागल्यावर जाऊ. मग वाटलं, लग्नानंतर जाऊ. डोंबिवली ते खडवली अंतर ते केवढं! मी गेले नाही.

यंदा त्या सिनेमाची प्रत नव्याने स्वच्छ करून ठाण्यात दाखवायची ठरली. ओंकार नावाच्या एका उत्साही मुलाचा फोन आला. "मॅडम, त्या युनिटमधले आता तुम्हीच राहिलाय. याल ना? पब्लिक एकदम क्रेझी आहे त्या रेन सीनसाठी." सर जाऊन वीस वर्षं झाली, दादाही गेले, जवान झालेला नटही गेला. मी बरी साडी नेसून गेले. सभागृह तरुण मुलांनी भरलं होतं. सिनेमा इतका लख्ख दिसत होता की एकेक कुसळ मोजावी. पावसाचा प्रसंग आला तशी मी खुर्चीच्या कडेला सरकले. इतकी वर्षं मी तो पुन्हा पाहिलाच नव्हता. दूरदर्शनवर लागला की उठून स्वयंपाकघरात जायचे.

मी तो कोपरा शोधत होते. दादांनी कॅमेरा चिखलाला टेकवून, नदीकडे तोंड करून लावला होता. पडद्यावर होतं फक्त नदीकडचं अर्धं खाचर. आंबा पाठीमागे, कॅमेऱ्याच्याही मागे. कोपरा एका क्षणापुरताही येत नाही, आणि पहिल्या दिवशीचा चार कोपऱ्यांचा शॉट तर सिनेमात घेतलेलाच नव्हता. तिने चार पेंढ्या कापल्या असत्या तर जगात कोणालाही कळलं नसतं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, मला मंचावर बसवलं. ओंकारने विचारलं, "सर मुलाखतींमध्ये सांगायचे की तो पाऊस अगदी अचानक आला. तुम्ही तिथे होतात. काय फीलिंग होतं?" खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. खोटं सांभाळायला मी एकटीच उरले होते, सोडलं असतं तर ते पडलं असतं. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "निसर्गाने साथ दिली." पुन्हा टाळ्या. मुलांनी माझ्याबरोबर फोटो काढले. घरी येऊन मी न जेवता झोपले.

सकाळी मुलाला म्हटलं, मला खडवलीला सोड. त्याने का म्हणून विचारलं, मी सांगितलं नाही. वाटेत बरीच शेतं कापून झाली होती. जी उभी होती तिथे माणसं आभाळाकडे बघत घाईने विळे चालवत होती. ताराबाई जिवंत आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या मी मनाशी एवढंच ठरवलं की असली तर पावसाचंही सांगायचं आणि कोपऱ्याचंही, दोन्ही, आणि मग तिने काय वाटेल ते बोलावं.

ती होती. पक्क्या घराच्या ओटीवर खुर्चीत बसलेली, ऐंशीची, डोळ्यांवर जाड भिंगं. शेजारी नात होती, शीतल. मानपाड्याच्या एका कंपनीत जाते, रविवार म्हणून घरी होती. मी नाव सांगितलं, ओळख पटेना. "वहीवाली," म्हटलं, तेव्हा तिने माझा हातच धरला.

"अगं वहीवाली! केस पिकले तुजे. बस, बस."

चहा झाला. मुलगा गाडीत फोनवर होता. मी एकदाचं तोंड उघडलं. "ताराबाई, पाऊस येणार हे मला ठाऊक होतं. रेडिओवर सांगितलं होतं. आम्हाला पाऊस हवा होता. मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिने डोळ्यांवरची भिंगं काढून पदराने पुसली. मग म्हणाली, "आमच्या ह्यांनी पन ऐकलं व्हतं की. कल्यानला गेल्ते, तिथं. घरी येऊन बोल्ले, कापून टाक, पानी येतंय. मी ईळा घेऊन निंगनार, तर तू आलीस."

"मग का थांबलीस?"

"तू बोल्लीस ना, नाय येत म्हनून." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी ह्यांना बोल्ले, आपल्या घरात जेवलेली पोर हाय, शिकलेली हाय. ती कशाला खोटं बोलंल? रेडिओच चुकत असंल."

मला तिच्याकडे बघवेना. अजून कोपऱ्याचं सांगायचं बाकी होतं. ते कसं सुरू करावं म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच पुढे वाकली. आवाजात थोडी उत्सुकता होती, पोरासारखी.

"बाय, तो पिच्चर आमी कदी बघितला नाय. हे म्हनायचे, आपलं नासलेलं भात काय पैसे देऊन बघायचं. पन बियान्याचा कोपरा तेवढा दिसला ना त्यात? तेवढ्यासाठीच ठेवला व्हता."

कालपासून मी या एका 'नाही'साठी तयारी करत होते. तोंडातून आलं, "हो. दिसतो ना."

"दिसतो?" तिचा चेहरा उजळला. "शीतल, मोबाईल आन गं. लाव बगू."

शीतलला तो प्रसंग शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पावसाचा तेवढाच तुकडा सगळीकडे फिरत असतो. ताराबाईने फोन नाकाशी धरला. वारा सुटला, भात बसायला लागलं, जवान उघडा पडला, सहा माणसं वळली. तुकडा संपला. ती जवानाकडे बघतच नव्हती. "परत लाव," म्हणाली. शीतलने परत लावला. तिसऱ्यांदाही लावला.

मग ताराबाईने पडद्याच्या एका कडेला बोट टेकवलं. तिथे पाऊस आणि धुरकटलेली नदी होती. "ह्यो काय," ती म्हणाली. "दिसला."

"आजी, आपला कोपरा आंब्याकडं ना?" शीतल म्हणाली. "इथं आंबा कुठाय? ही तर नदी आहे."

"गप गं. शेत माजं हाय का तुजं?" तिने फोन नातीच्या हातात दिला आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. "दिसला, बाय. चांगला दिसला."

पन्नास वर्षं ज्या खाचरात ती वाकली त्यात आंबा कुठे आणि नदी कुठे, हे तिला शीतलने सांगायला नको होतं. माझ्या पहिल्या खोट्यावर तिने विश्वास ठेवला होता. हे दुसरं तिने ओळखलं आणि पदरात घेतलं.